दुपारी बसून पाहावे

६ फेब्रुवारी, मंगळवार

चि. ताईस,

आईचे आशीर्वाद. रागात असलीस तरी घे, आशीर्वाद शिळा होत नाही.

मी बरी आहे. गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि उतरताना गप्प बसतो. न्हाणीघरातला नळ गळत होता, तो धाकट्यानं दुरुस्त केला. आता गळत नाही, पण सोडला की म्हशीसारखा हंबरतो. या कागदाच्या मागे काही छापलेलं दिसेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. धाकट्याच्या कामातले चाचणीचे अर्ज आहेत, एका बाजूनं कोरे. फेकायला माझा हात होत नाही.

पत्र का लिहिते ते तुला ठाऊक आहे. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि आता तर उचलतही नाहीस. कागदाला मध्येच गप्प करता येत नाही. फाडलंस तरी वाचूनच फाडशील, माझीच लेक आहेस.

तू शेवटी जे बोललीस ते अजून कानात आहे. "गेलेल्या बापाच्या नावाआडून माझं पाळणाघर अडवतोय तो. हिंमत असेल तर समोर येऊन अडव म्हणावं." तायडे, धाकटा अडवत नाही गं, भाऊ आहे तुझा. मुलं सांभाळणं म्हणजे दुकान टाकणं नव्हे, असं तो तुला मागे एकदा बोलला होता हे खरं. तूही त्याला कमी बोलली नव्हतीस. पण म्हणून तो बाबांचं नाव वापरेल?

त्याचं काम तू कधी विचारलं नाहीस आणि त्यानं कधी सांगितलं नाही, म्हणून मला कळलं तेवढं सांगते. त्याची कंपनी सरकारी कचेऱ्यांना परवान्यांची प्रणाली बसवून देते. दुकानाचा परवाना, बांधकामाची परवानगी, खानावळीची तपासणी, पाळणाघराची मंजुरी, हे पूर्वी फायलींतून फिरायचं ते आता पडद्यावर फिरतं. पण कुठला अर्ज कुणाच्या टेबलावर जायचा, कुठं थांबायचा, तपासनिसानं काय काय पाहायचं, काय कमी निघालं तर परत धाडायचा, हे त्या प्रणालीला आधी शिकवावं लागतं. ते शिकवणारा आपला धाकटा. नवीन कपाट आणलं तर त्याला खण किती, कशात काय ठेवायचं, किल्ली कुणाकडे, हे कुणीतरी ठरवावं लागतं ना, तसं.

आणि त्याला शिकवणारे तुझे बाबा. सगळी नोकरी इमारती तपासण्यात गेलेला माणूस. माझ्या माहेरी मला पाहायला आले तेव्हा आधी छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दोन्ही ठीक म्हणाले. निवृत्तीनंतर घरात येरझारा घालायचे, मग धाकट्यानं त्यांना जेवणाच्या टेबलाशी शेजारी बसवायला सुरुवात केली. हा विचारायचा, ते सांगायचे, हा टिपून घ्यायचा. चाचणीसाठी तपासनीस म्हणून त्यानं बाबांचंच नाव घातलं, तेव्हा म्हणाले, "मला पुन्हा नोकरीला लावलंस, मग पगार दे."

"बाबा, नुसती चाचणी आहे."

"मग चाचणीचा पगार दे."

खुशीत होते. एका गोष्टीवरून मात्र दोघांचं वाजलं. तुला आठवतं, बाबांची रीत काय होती? जागा ज्या वेळी वापरायची, त्याच वेळी ते जाऊन बसायचे. नाटकगृह असलं तर खेळ चालू असताना, शाळा असली तर मधल्या सुटीत. पाहून परत फिरायचे नाहीत, बसायचे. रिकामी जागा म्हणजे पाहुण्यांसमोरचं पोर, म्हणायचे, शहाण्यासारखं बसतं; पाहुणे गेल्यावर बघा. धाकट्यानं सगळ्या तपासण्या सकाळच्या बसवल्या, कचेऱ्यांना तेच सोयीचं. बाबा म्हणाले, "तुझ्या कपाटाला वेळेचा खणच नाही." धाकटा म्हणाला, वेळ विचारायला गेलो तर एकही काम वेळेत होणार नाही.

बाबा गेल्यावर त्यांचं ते चाचणीचं नाव काढायचं राहिलं. राहिलं म्हणजे धाकट्यानं काढलं नाही. नावापुढे सेवा संपल्याची तारीख घालायचा एक चौकोन असतो, तो कोराच आहे. मीही कधी विचारलं नाही.

तुझ्या जागेला सकाळचे तपासनीस येऊन गेले, सगळं ठीक म्हणाले. पण मंजुरीला जायचं सोडून तुझा अर्ज बाबांच्या नावावर आला, आणि शेऱ्यात ओळ उमटली, "दुपारी बसून पाहावे." ती तू तुझ्या फोनवर पाहिलीस, आम्ही इथं पडद्यावर. त्या वेळी धाकट्याचा चेहरा मी पाहिलाय. चोराचा चेहरा तसा नसतो. नियमात काहीतरी चुकलंय, जुन्या चाचणीतली ओळ कुठून तरी वर आली असेल, असं तो म्हणतो. तो शेरा पुसून तुझा अर्ज सरळ मंजुरीला पाठवणार आहे. एका बोटाचं काम आहे म्हणाला. शुक्रवारी करेल. एक मार्चला पाळणाघर उघडायचं म्हणून तू किती घरांना शब्द दिलायस ते मला माहीत आहे. शब्द मोडणार नाही.

रंगाऱ्याचं काय झालं? मागच्या खोलीत रोज दुपारी हातात ब्रश घेऊनच झोपतो म्हणालीस, त्याला बदललंस का? आळशी माणसाला रोजावर ठेवू नये, ठरवून काम द्यावं.

काम झालं की भावाला एक फोन कर. तो करणार नाही, त्याला जमत नाही. तू थोरली आहेस.

तुझी आई


१२ फेब्रुवारी, सोमवार

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

तू माणसाच्या हाती धाडलेली चिठ्ठी मिळाली. तीन ओळींना केवढं ते पाकीट. तेच उलटं करून वापरलंय, ओळखलं असशील.

तू लिहितेस, शेरा पुन्हा आलाय. कचेरीतल्या बाईंनी तुला सांगितलं की तो आपल्याच घरातून, धाकट्याच्याच संगणकावरून टाकलेला आहे. आणि खाली, "आता काय म्हणणं आहे तुझं?"

सांगते.

शुक्रवारी त्यानं तो माझ्या समोर पुसला. मी पदराला हात पुसत मागे उभी होते. पान बंद करून पुन्हा उघडून दाखवलं, शेऱ्याची जागा कोरी. मी देवापुढे जाऊन हात जोडले. शनिवारी दुपारी चहाला त्यानं पान उघडलं तर ओळ परत आलेली, आणि लांब झालेली. "दुपारी बसून पाहावे. मुले निजतील तेव्हा."

निजतील. प्रणालीत सगळीकडे झोपण्याची खोली, झोपण्याची सोय असं लिहिलंय, मी नजर घालून पाहिलं. धाकटा झोप म्हणतो, तू झोप म्हणतेस. निजणं हे या घरात एकच माणूस म्हणायचं. आम्ही दोघं त्या शब्दाकडे बघत बसलो आणि चहावर साय धरली.

आज सकाळी त्याला कंपनीतल्या वरच्या बाईंनी बोलावून घेतलं. कुठल्या यंत्रावरून, कुठल्या क्षणी, कुठल्या नावानं काय लिहिलं, हे सगळं त्या प्रणालीत आपोआप उमटतं म्हणे. पुसलेलंसुद्धा. बाईंनी त्याला ते दाखवलं. मग म्हणाल्या, "वडील गेल्याचं दुःख मी समजू शकते, पण बहिणीच्या अर्जावर? महिनाअखेर ते नाव बंद करा, नाहीतर मला तुम्हाला बंद करावं लागेल." घरी आला तो बूट न काढता तसाच खुर्चीत बसला. "आई, मी नाही टाकलं गं," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, मला ठाऊक आहे.

आणि ते खरं आहे. तो शेरा पडला त्या वेळी धाकटा झोपला होता. हे मी देवापुढच्या दिव्याची शपथ घेऊन लिहिते, आणि मी कशाच्या शपथा घेत नाही हे तू जाणतेस. बाबा गेल्यापासून त्याला जेवण झालं की झोप लागते, त्या टेबलाशीच. लहानपणी दुपारी झोपवायला त्याला तू मांडीवर दाबून धरायचीस, तरी झोपायचा नाही. आता घास संपतो न संपतो तोच मान खाली जाते. मी त्याला उठवत नाही.

बाकी इकडे विशेष काही नाही. घरात वस्तू जागच्या जागी राहत नाहीत, एवढंच. बाबांचा वाचायचा चष्मा मी कपाटात ठेवलेला, तो टेबलावर सापडतो. माऊस संगणकाच्या डाव्या अंगाला गेलेला असतो. "पुसताना तू सरकवतेस का?" धाकट्यानं विचारलं. मी हो म्हणाले. बाबांचा डावा हात पुढे असायचा, त्यावरून तुम्ही दोघं त्यांना चिडवायचात, ते आठवलं म्हणून लिहिलं. दुसरं काही नाही.

दुपारी मी स्वयंपाकघरातच असते. मागचं आवरायचं असतं. तिथून टकटक ऐकू येते, एका बोटानं कुणी अक्षर शोधून शोधून दाबावं तशी. पंख्याची असेल. त्याचं एक पातं सैल झालंय.

एक विचारू? एखादी दुपार त्या जागेत जाऊन बसून का नाही बघत? तुझी नोकरी दुपारची, जागेत तू असतेस सकाळी नाहीतर संध्याकाळी, हे मला कळतं. एक दिवसाची रजा काढ. मागच्या खोलीत, जिथं मुलांच्या गाद्या घालणार आहेस तिथं बस. काही नाही निघालं तर आईचं खूळ म्हण आणि सोडून दे.

धाकट्याला मी हे पत्र दाखवलेलं नाही.

तुझी आई


२१ फेब्रुवारी, बुधवार

चि. ताईस,

हे पत्र टपालानं येणार नाही. तिकीट वाचलं हे खरं, पण कारण ते नव्हे. ज्याच्या हाती येतंय तो दारात उभा असेल, त्याला आधी आत घे. मग वाच. त्याच्यासमोर वाचू नकोस, आत जाऊन वाच.

"माझ्या जागेत भूत शोधायला मी रजा काढणार नाही," असं तू कळवलंस. बरोबर आहे, नोकरी म्हणजे नोकरी. मग मी काय केलं ते आता सांगते. त्याच्या आधी मागच्या पत्रात जे लिहायचं टाळलं ते लिहावं लागेल.

धाकटा झोपला होता असं मी लिहिलं. झोपलाच होता. डोळे मिटलेले, श्वास संथ, ओठ थोडे उघडे. पण हात झोपले नव्हते. तू म्हणालीस त्याच्याच यंत्रावरून आलं, ते खरं आहे. त्याच्याच हातून आलं. मी स्वयंपाकघराच्या दारातून शनिवारी पाहिलं होतं. चष्मा नाकाच्या टोकावर, डावा हात माऊसवर, आणि उजव्या हाताचं एकच बोट अक्षरांवर फिरतंय. तुझा भाऊ पाहिल्याशिवाय दहा बोटांनी लिहितो. हे एक बोट थांबत होतं, अक्षर शोधत होतं, दाबत होतं, पुन्हा थांबत होतं. ओळ संपल्यावर घसा खाकरला. शेरा लिहून झाला की ह्यांची ती सवय होती.

तुला तेव्हाच लिहिलं असतं तर तू म्हणाली असतीस, पाहा, तोच. आणि कचेरीत सांगितलं असतंस. त्याची नोकरी गेली असती, आणि लोक म्हणाले असते याच्या डोक्यात फरक पडलाय. म्हणून पत्रात पंख्याचं पातं सैल केलं.

गेल्या बुधवारी मी धीर केला. देवाचं नाव घेतलं, खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसले. बोट तुझ्या अर्जावर थांबलेलं होतं. तोंडातून निघून गेलं, "अहो." स्वतःच्या मुलाला मी अहो म्हणाले, ताई.

"काय बघताय?"

"जागा बघतोय पोरीची."

आवाज धाकट्याचाच. पण शब्दांच्या मधली ती थांबायची जागा त्याची नव्हती.

"मग देऊन टाका मंजुरी. किती दिवस अडवायचं?"

"बसून पाहिल्याशिवाय कशी देऊ, हिशेबनीस?"

हे नाव तुम्हा दोघांना माहीत नाही. महिन्याचा जमाखर्च मांडून बसले की ते मला चिडवायचे, पण फक्त दोघंच असलो तर. चारचौघांत सोडा, तुमच्यासमोरही कधी नाही. मी खुर्चीची कड धरली. तरी म्हटलं, "मग जाऊन बसा की."

"मला आता बसता येत नाही कुठं."

मग मान खाली गेली. थोड्या वेळानं धाकटा जागा झाला, चष्मा काढून त्याच्याकडे बघत राहिला, आणि मला म्हणाला, "आई, रडतेस का? मी घोरत होतो का एवढा?"

त्याला मी काही सांगितलेलं नाही. तो विचारत नाही. दोघंही एका दाराशी उभे आहोत आणि कुणी कडी काढत नाही, असं चाललंय.

परवा सोमवारी मी तुझ्या जागेत गेले. रागावू नकोस. धाकट्याला म्हटलं देवळात जाते. शेजारच्या लाँड्रीवाल्या मावशींकडे तू किल्ली ठेवतेस हे मला माहीत होतं. पाळणाघरासाठी जागा बघायची आहे म्हटलं, त्यांना वाटलं मी कुणाची तरी आजी. खोटं बोलले नाही, जागाच बघायची होती.

छान केलीयस गं जागा. पुढच्या खोलीतली ती पिवळी भिंत, खुंट्या मुलांच्या हाताला येतील इतक्या खाली लावलेल्या. मला भरून आलं. मागच्या खोलीत गेले. स्वच्छ, उबदार, भिंतीला लाकडी फळ्या मारलेल्या, गाद्यांची चळत कोपऱ्यात. खिडकी एक, तीही लाँड्रीच्या बोळात उघडणारी, ती तू धूळ येते म्हणून बंद ठेवलेली. एक गादी घातली आणि भिंतीला पाठ लावून माळ घेऊन बसले. भिंत पाठीला छान शेकत होती. पलीकडे लाँड्रीचा बॉयलर सुरू झाला, ऐकू येत होता. दुपारी कपड्यांना वाफ द्यायचं काम करतात ते. सकाळी ती बाजू थंड असते.

काही दिसलं नाही. काही वासही आला नाही. मला वाटलं, बसले बिचारी उगाच. मग माळेवर बोट कुठल्या मण्यावर आहे ते कळेना. ताई, माळ ओढताना माझं बोट कधी चुकलेलं नाही. पुन्हा मेरुमण्यापासून सुरू केलं, पुन्हा हरवलं. भीती वाटली नाही, तेच सांगते. फार गोड वाटत होतं. डोकं जड, पायात मुंग्या, आणि वाटत होतं की घरी जायची घाई कसली, मुलं मोठी झालीत, अंमळ निजावं. मीसुद्धा मनात निजावं म्हणाले. गादीवर आडवी झाले तेवढं आठवतं.

मला कुणी हाक मारली असं मी लिहिणार नाही. तुला ते पटायचं नाही आणि मला सिद्ध करता यायचं नाही. एवढंच लिहिते की मी उठले, आणि माझ्या अंगात उठायची ताकद नव्हती. दंडाला कुणी धरलं की रक्त थांबून जागा पांढरी होते, तसा डाव्या दंडाला डाग होता. आज तो निळा झालाय. दाराच्या चौकटीला आपटले असेन.

बाहेर पायरीवर मला ओकारी झाली. मावशी धावत आल्या, पाणी दिलं. "आजी, ऊन लागलं का?" म्हणाल्या. मी म्हटलं, ऊन नाही, तुमचा बॉयलर लागला तसं डोकं जड झालं; तो बंद करा आणि गॅसवाल्या मेकॅनिकला बोलवा. मावशी भली बाई, वाद घातला नाही. तो मेकॅनिक छोटं यंत्र घेऊन आला, ते मागच्या खोलीच्या उंबऱ्यावरच ओरडायला लागलं. फळ्या काढल्या तर आत बॉयलरच्या धुराचा पाइप, मधोमध फुटलेला. फळ्या मारणाऱ्यानं तो झाकून टाकला होता. मी विचारलं, वास कसा नाही आला? तो म्हणाला, "काकू, याला वास नसतो. माणसाला झोप येते, बस एवढंच."

तुझा रंगारी आळशी नव्हता. त्याला गाठून दोन शब्द गोड बोल.

त्या लोकांनी तुला फोन केला, तू संध्याकाळी धावत आलीस, हे मला मावशींकडून कळलं. मी तोवर निघाले होते. कुणी म्हातारी जागा बघायला आली होती, तिच्यामुळे कळलं, असं त्यांनी तुला सांगितलं असेल. आणि मंगळवारी तुझी मंजुरी आली, तिच्यावर शेरा आहे, "बसून पाहिले. मागची खोली बंद. पुढच्या दोन ठीक." कुणी बसून पाहिलं हे तू कचेरीत विचारलंस म्हणे. त्यांना माहीत नाही. आता तुला माहीत झालं.

तो शेरा पडला तेव्हा मी तुझ्या त्या गादीवर होते आणि धाकटा घरी एकटा होता. तारीख-वेळ त्यात आपोआप उमटते, हे मागे लिहिलंच आहे. मेकॅनिक यायच्या आधीची वेळ आहे ती.

इथवर सगळं चांगलं झालं म्हणायचं. मुलं वाचली, तुझं पाळणाघर पुढच्या दोन खोल्यांत उघडेल, शब्द राहील. धाकट्याला काल बॉयलरचं कळलं. मग बसला आणि प्रणालीत नवा रकाना घातला, "जागा वापरण्याची वेळ." तो भरल्याशिवाय आता कुठलीही तपासणी पुढे सरकत नाही. सकाळच्या साहेबांनी आरडाओरडा केला असेल. वरच्या बाईंनी मात्र मान्य केला.

राहिलं होतं ते नाव. काल रात्री जेवताना तो म्हणाला, "आई, उद्या बाबांचं नाव बंद करतो. तू शेजारी बस." आज सकाळी आंघोळ, पूजा आटोपून मी बसले. त्यानं चौकोनात तारीख घातली. बाबा गेले ती. माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, त्यानं बटण दाबलं.

नाव बंद झालं नाही. पडद्यावर लाल अक्षरं आली, "या तपासनिसाच्या नावावर एक पाहणी बाकी आहे."

धाकटा म्हणाला, हा नियम त्याचाच आहे. तपासनीस बदलून गेला की अर्ज वाऱ्यावर पडू नयेत म्हणून त्यानं तो सुरुवातीलाच घातला होता. काम बाकी असेल तर माणसाला सुटी नाही. मी विचारलं, कुठली पाहणी? त्यानं उघडली आणि खुर्ची मागे सरकवली.

पत्ता आपल्या घराचा आहे, ताई. अर्जदाराच्या जागी कुणाचं नाव नाही. शेरा कोरा. तारीख आजची. आणि काल त्यानं घातलेल्या त्या नव्या रकान्यात, जागा वापरण्याची वेळ, तिथं लिहिलंय, "दुपार."

"मी नाही भरलं, आई," तो म्हणाला. मी म्हटलं, मला ठाऊक आहे. पुसू का म्हणाला. मी त्याला म्हटलं, पुसून परत येतं हे आपण एकदा पाहिलंय, आणि पाहणी झाल्याशिवाय नाव बंद होणार नाही, नाव बंद झाल्याशिवाय तुझी नोकरी राहणार नाही. मग होऊ दे.

तू तुझ्या घरी, धाकटा जेवला की झोपेत; दुपारचं घर एकटी मीच वापरते. ते बरोबर लिहिलंय.

मी विचार केला तो असा. पाहणीला जागा लागते आणि बसणारं माणूस लागतं. हात लागले तर त्यांनी कुठून आणायचे ते आणावेत, पण माझ्या मुलाचे आता मिळणार नाहीत. पुरे झालं. म्हणून त्याला तुझ्याकडे धाडतेय. तुझ्या खुंट्या एका बाजूला कललेल्या आहेत, त्या सरळ करून दे, असं त्याला सांगितलंय. कललेल्या नाहीत. तू हो म्हण.

मी घर झाडून घेतलंय. कपाटावरची धूळसुद्धा काढली, ते तिथं बोट फिरवून बघायचे. सैल पातं खरंच होतं की काय म्हणून स्टुलावर चढून पाहिलं, घट्ट आहे. संगणक त्यानं चालू ठेवलाय, मीच ठेव म्हटलं. जेवण एकाचंच केलं. मग वाटलं, बरं दिसणार नाही, आणि थोडं वाढवलं.

मला भीती वाटते का, तर वाटते. पण मला पाहायला आले होते तेव्हाही वाटली होती.

हा दारात उभा आहे. "आई, एवढं काय लिहितेस, चार ओळींत आटप," म्हणतोय. आटपते. त्याला पोटभर जेवायला घाल, जेवणानंतर त्याला झोप आली तर येऊ दे, तिथं त्याला कुणी उठवणार नाही. भांडायचं असेल तर भांडून घ्या, पण आजच घ्या. संध्याकाळपर्यंत त्याला धरून ठेव, आणि दुपारी तुम्ही दोघांपैकी कुणीही इकडे येऊ नका. फोनही करू नका.

दोघांना आशीर्वाद.

तुझी आई